बबडीच्या वाटचं

नर्सआत्यांनी बाटली टेबलावर उलटी केली आणि दोनदा हलवली. एकही गोळी पडली नाही. कापसाचा बोळा तेवढा बाहेर आला आणि घरंगळत जाऊन बाबांच्या बशीला टेकला.

"आज तारीख काय?" आत्यांनी विचारलं.

बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. बहीण अशा आवाजात तारीख विचारायला लागली की कुणाची तरी धडगत नसते, हे त्यांना साठ वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

"पंधरा," त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला.

"पंधरा. एक तारखेला मी लोहाच्या तीस गोळ्यांची बाटली इथं ठेवून गेले. रोज एक. मग आज किती शिल्लक हव्यात?"

"पंधरा," धाकट्यानं उत्तर दिलं आणि बायकोकडे बघितल्यावर त्याला वाटलं, एवढ्या झटकन हिशेब करायला नको होता.

त्याची बायको समोरच्या खुर्चीत एक हात पोटावर ठेवून बसली होती. सातवा महिना. तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची, अजूनही उथळ पाण्यात उभी राहून शिकवत होती, म्हणून घरात तिचं नाव मासोळी पडलं होतं. एरवी हसरी, बडबडी. आज मात्र मुकी झाल्यासारखी.

बाई ओट्याशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. खाली त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. नवरा, म्हणजे बाबा, मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेमीत बसवायचे आणि बाई पुढे लोकांचे डोळे तपासायच्या. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. अख्खी गल्ली त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणायची, नुसतं बाई म्हटलं तरी कळायचं. रविवारी दुकान बंद, म्हणून दर पंधरवड्याच्या रविवारी नणंदबाई, म्हणजे नर्सआत्या, घरच्यांना तपासायला यायच्या. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली होती. निवृत्त झाल्या तरी अंगातली नर्स निवृत्त झाली नव्हती. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. लोह, फॉलिक, कॅल्शियम, आठवड्यातून एकदा डी, प्रत्येकाला वेगळं घर. गोळी घेतली की खूण करायची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा नाही, हे खाली लाल शाईनं.

"तक्त्यावर रोजची एकच खूण आहे," आत्या म्हणाल्या. "बाटली मात्र रिकामी. मासोळी, खरं सांग. दोन दोन घेतेस का?"

"नाही आत्या. मी एकच घेते."

"मग बाकीच्या पाय फुटून गेल्या का?"

मासोळीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीपाशी बबडी बसली होती, मांडीवर तिचं साडेतीन महिन्यांचं पिल्लू. बबडी बाईंची मोठी लेक. नवरा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा, परतायला अजून दोन महिने होते, म्हणून बाळंतपणाला आलेली ती अजून माहेरीच होती. तिनं मासोळीच्या नजरेला नजर दिली नाही. पिल्लाचं टोपडं सारखं करत राहिली.

बाईंना ती नजर दिसली. मागच्या वर्षी धाकट्यानं पोहणं शिकवणाऱ्या मुलीशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा बाई दोन महिने त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या, आणि बबडीनं आईची बाजू घेऊन नको ते शब्द तोंडातून काढले होते. आत्यांनी मध्ये पडून ते सगळं मिटवलं. मिटलं असं सगळ्यांना वाटलं. पण गेला महिनाभर बाई बघत होत्या, त्या स्वयंपाकघरात शिरल्या की या दोघी एकदम गप्प व्हायच्या. काहीतरी शिजतंय, पुन्हा बिनसलं, असं बाईंनी धरून ठेवलं होतं.

"अगं, विसरून दोनदा घेत असेल," धाकटा बायकोच्या मदतीला धावला. "हल्ली ती विसरतेच. परवा चपला घालून पाण्यात उतरली."

"तू गप्प बस," मासोळी आणि आत्या एकदमच म्हणाल्या.

"जास्त गोळ्यांनी जास्त रक्त होत नाही, पोरी," आत्यांचा आवाज जरा मऊ झाला. "पोट बिघडतं, आतडी आवळून बसतात, उगाच त्रास. पोटातल्या जिवाला तर मुळीच चांगलं नाही. कुणी सांगितलं तुला दोन घ्यायला? आईनं?"

"मी कशाला सांगू?" बाई ओट्यापासून पुढे आल्या. "पण वन्सं, आता विषय निघालाच आहे तर बोलते. गोळ्यांचंच नाही. आठवड्याची अंडी चार दिवसांत संपतात. खजुराचा डबा भरून ठेवते, बघावं तर तळ दिसतो. हिच्यासाठी दुधाचा मोठा पेला झाकून ठेवते, तो धुवायला येतो तेव्हा दोन पेले असतात. दोन जिवांची भूक म्हणून मी बोलले नाही. खाऊ दे, खाण्यावरून कुणाला बोलावं असं हे घर नाही. पण औषधाचं तसं कसं चालेल?"

"दोन पेले?" आत्यांनी विचारलं.

"दोन."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "दोन पेले म्हणजे दोन माणसं," ते म्हणाले.

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाबा महिन्यातून एखादं वाक्य बोलायचे आणि नेमकं तेच सगळ्यांच्या कानाबाहेर जायचं.

"पुरे की आता!" बबडी खिडकीतून कडाडली. "सकाळपासून तिला उलटं टांगलंय तुम्ही. एक बाटली संपली तर आभाळ कोसळलं का? मी आणून देते दुसरी."

बाई थक्क झाल्या. बबडी, आणि मासोळीची बाजू घेतेय?

मासोळी खुर्चीचे हात धरून सावकाश उठली. "ताई," ती म्हणाली, "आज रविवार आहे."

"माहितीये मला."

"तुम्ही म्हणाला होतात रविवारी."

"कळतंय गं मला!" बबडीनं पिल्लाला खांद्यावर घेतलं. "याला कंटाळा आलाय. मी खाली दुकानात फिरवून आणते."

ती जिन्याकडे गेली. मासोळी तिच्या मागोमाग निघाली, सातव्या महिन्याच्या बाईनं चालू नये अशा घाईनं. "अगं, तू कुठं निघालीस?" बाई ओरडल्या, पण तोवर दोघी खाली उतरू लागल्या होत्या.

मग जिन्यातून मासोळीचा आवाज आला. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जावा असा, पण घाबरलेला नाही.

"ताई, थांबा. भिंतीला टेका. आधी पिल्लू माझ्याकडे द्या. द्या. सोडा हात. आता बसा खाली. आई! आत्या! खाली या!"

गुडघे दुखतात हे बाई विसरल्या. त्या जिन्यात पोचल्या तेव्हा पिल्लू मासोळीच्या कडेवर होतं, आपल्याला कुणी घेतलंय याचा पत्ता नसल्यासारखं तिच्या केसांशी खेळत होतं, आणि बबडी शेवटच्या पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम, चेहऱ्याला रंगच नाही.

"बबडे! अगं बबडे!"

"डोळ्यांपुढे काळं झालं," बबडी पुटपुटली. "होतं असं. जाईल."

"होतं असं? म्हणजे आधीही झालंय?"

जिन्याच्या पायथ्याशीच तपासणीची खोली होती. आत्यांनी आणि धाकट्यानं तिला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. डोकं पुढे वाकवलं, पाणी पाजलं. आत्यांनी मनगट धरून घड्याळाकडे बघितलं आणि भुवया वर नेल्या. "धावून आल्यासारखी पळतेय नाडी," त्या म्हणाल्या. "वहिनी, तो दिवा लावा जरा. डोळे बघा हिचे."

बाईंनी दिवा ओढला. सव्वीस वर्षांत हजारो वेळा केलेली हालचाल. अंगठ्यानं त्यांनी लेकीची खालची पापणी हलकेच ओढली.

आत जी लाली असायला हवी ती नव्हती. नुसता फिकट पांढुरका पडदा, धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा.

बाईंनी दुसरी पापणी ओढली. तीही तशीच. त्यांचा हात तिथंच राहिला. गेल्याच आठवड्यात बबडी याच खुर्चीत येऊन बसली होती. 'आई, अक्षरं पुसट दिसतात, मध्येच अंधारी येते,' म्हणाली होती. बाईंनी फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली होती, भिंगं बदलून बदलून बघितली होती. नंबर नव्हता. 'डोळे ठणठणीत आहेत तुझे,' त्या म्हणाल्या होत्या. 'झोप कमी होतेय, दुसरं काही नाही.' बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. रस्त्यावरच्या परक्या बाईची पापणी त्यांनी ओढून बघितली असती. किती जणींना त्यांनी 'रक्त तपासून घ्या हो' म्हणून डॉक्टरकडे धाडलं होतं! पोटच्या पोरीची पापणी मात्र ओढली नाही.

"त्या गोळ्या मी घेतल्या," बबडी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "ती नाही. ती रोज एक मला देत होती."

"महिना झाला," मासोळी दारातून म्हणाली. पिल्लू आता तिच्या खांद्यावर झोपायच्या बेतात होतं. "मला ताईंचा श्वास ऐकू यायचा. जिना चढताना मध्येच थांबायच्या, काहीतरी शोधतोय असं दाखवायच्या. आमच्याकडे तलावावर दमलेलं मूल असंच करतं, पोहण्याचा चष्मा सारखा करायला म्हणून काठ धरून उभं राहतं. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकेनात. मग मी म्हटलं, निदान माझ्यासमोर गोळी तरी घ्या. मागची बाटली संपली तेव्हा मी नवी आणून त्यात भरली. या वेळी मुलांच्या स्पर्धा होत्या, दुकानात जायला झालं नाही."

"आणि दूध? अंडी?"

"अर्धं अर्धं. दाराआड."

"अगं मग मला सांगायचं नाही?" बाईंचा आवाज चढला. भीती वाटली की त्यांचा आवाज नेहमी चढायचा. "दाराआड चोरून? स्वतःच्या घरात?"

"त्यांनी शपथ घातली होती. मी रविवारची मुदत दिली. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन म्हटलं."

बाई लेकीकडे वळल्या. "का गं? मी काय परकी होते? नको म्हटलं असतं तुला?"

बबडी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणाली होतीस."

"काय म्हणाले होते?"

"मी इस्पितळातून आले त्यानंतर पंधरा दिवसांनी. पिल्लू सारखं पीत होतं. मला इतकी भूक लागायची आई, हात कापायचे. ओट्यावर दुधाचा पेला झाकलेला होता, तो मी उचलला. तू म्हणालीस, 'तो तिच्यासाठी आहे गं.' मी ठेवून दिला."

बाईंनी बबडीच्या तोंडावरचा दिवा बाजूला वळवला.

"तू काही रागानं नव्हतीस म्हणाली," बबडी घाईघाईनं म्हणाली, जणू आईलाच सांभाळत होती. "सहजच म्हणालीस. खरंच तो तिच्यासाठी होता. पण मग मला वाटलं, माझं झालं आता. मी सुटले. माझ्या गोळ्यांचं पाकीटही त्याच सुमाराला संपलं होतं. सहा महिने घ्या असं सांगितलं होतं त्यांनी, पण कुणी विचारलं नाही, मग मीही मागितल्या नाहीत. चक्कर येते म्हटलं तर तू म्हणालीस, बाळंतपण का कुणाला चुकलंय. उगाच कशाला कुरकुर करायची? मोठी आहे मी."

बाईंना ते आठवलं. शब्द न् शब्द नाही, पण तो पेला आठवला, वर ठेवलेली ताटली आठवली. पातेल्यात आणखी दूध होतं. दुसरा पेला भरायला कितीसा वेळ लागला असता? त्यांना फक्त सुनेच्या बाबतीत काही कमी पडू द्यायचं नव्हतं. दोन महिने अबोला धरला होता ना तिच्यापायी, त्याची भरपाई चालली होती. आणि बबडी काय, घरचीच, हवं ते घेईल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. नऊ महिने त्यांनी हिलाही तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ज्या दिवशी पिल्लू हातात आलं, त्या दिवसापासून सगळी पिल्लाकडे बघायला लागली.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग त्यांनी लेकीचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं, गळ्यात लोंबणाऱ्या चष्म्यासकट.

"चष्मा टोचतोय गं," बबडी आतून म्हणाली. ती रडत होती.

"टोचू दे."

नर्सआत्या तोवर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. "मी तरी काय दिवे लावले?" त्या म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी येते. आल्या आल्या पिल्लाचं वजन करते, किती वाढलं म्हणून सगळ्यांना सांगते. वजन उत्तम वाढतंय, म्हणजे आईचं बरं चाललंय, असं समजले. अरे, बाळाचं बरं चालणारच! त्याला हवं ते ते आईच्या अंगातून काढून घेतं, मग तिथं असो नसो. चौतीस वर्षं बाळंतिणींना हेच पढवत होते मी." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि एका क्षणात पुन्हा नर्स झाल्या. "धाकट्या, गाडी काढ. इस्पितळातली प्रयोगशाळा रविवारी दोनपर्यंत उघडी असते. रक्त आजच द्यायचं. हिमोग्लोबिन, बारा नंबरचं बी, सगळं. आणि मासोळी, तू."

"मी काय?"

"शहाणी आहेस. पण मूर्खही आहेस. अशी गोष्ट महिनाभर पोटात ठेवतात होय?"

"पोटात आधीच एक आहे आत्या, जागा कमी पडली," मासोळी म्हणाली. बबडी रडता रडता हसली.

संध्याकाळी अहवाल आला. हिमोग्लोबिन सात आणि वर थोडं. बी बाराही तळाला. आत्यांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बाळंतपणात रक्त किती गेलं होतं? बरंच गेलं होतं. ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. नंतर कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. 'हे एका गोळीनं भरून निघणारं नाही,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'सकाळी घेऊन या. बाळालाही आणा, त्यालाही तपासून घेऊ.'

जहाजावरून जावयाचा फोन आला तेव्हा बबडीनं सवयीनं 'मी मजेत' म्हणायला तोंड उघडलं. बाबा शेजारीच बसले होते. "खरं सांग त्याला," ते म्हणाले. या वेळी मात्र सगळ्यांनी त्यांचं ऐकलं.

सोमवारी दुकान बंद ठेवून बाई स्वतः गेल्या. आत्या होत्याच, मासोळीही आली; तिला नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. तपासणीच्या दालनात एक तरुण परिचारिका हसत पुढे आली आणि तिनं सवयीनं पिल्लाकडे हात केले. "या, बाळाचं वजन करून घेऊ आधी."

"बाळाचं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी हिचं करा."

"आजी, बाळाच्या कार्डावर नोंद करायची असते ना."

"हिचं कार्ड कुठाय?"

"बाळंतपण झालं की थोड्या दिवसांनी ते बंद होतं."

"मग नवं उघडा."

परिचारिकेनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आत्यांकडे बघितलं, आणि मुकाट्यानं नवं कार्ड काढलं. बबडी काट्यावर उभी राहिली. लग्नाआधी होतं त्याहून सहा किलो कमी भरलं. बाईंनी तो आकडा दोनदा वाचला, चष्मा लावून आणि चष्मा काढून.

डॉक्टरीणबाईंनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं, दोन खेपांत, आणि बी बाराची इंजेक्शनं. रक्त चढवायची वेळ आली नाही, पण आणखी महिनाभर असंच गेलं असतं तर आली असती, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. पिल्लू ठीक होतं. त्याचंही रक्त तपासायला घेतलं तेव्हा त्यानं सारं दालन डोक्यावर घेतलं. "आणि खाणं," डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "गरोदरपणात लागतं त्याहूनही थोडं जास्तच. पाजणाऱ्या बाईला ते लागतंच. त्यात लाड काही नाहीत."

बबडीला खिडकीजवळच्या खाटेवर झोपवलं. सुई लागली, गडद तपकिरी पाणी नळीतून थेंब थेंब उतरू लागलं. आत्या बाटलीचा वेग बघत उभ्या राहिल्या, जणू तिथल्या लोकांवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. मासोळी पायथ्याशी बसली. बबडी बराच वेळ छताकडे बघत होती.

मग तिनं मान वळवली. "आई."

"काय गं? दुखतंय? हात जड वाटतोय?"

"नाही." ती जरा अडखळली, लहानपणी शाळेतून आल्यावर दारात अडखळायची तशी. "भूक लागलीय गं मला."

बाई उठल्या. इस्पितळाच्या उपाहारगृहापर्यंत लांबच लांब बोळ होता, तो त्यांनी कसा पार केला कुणास ठाऊक. परत आल्या तेव्हा दोन्ही हात भरलेले. चार उकडलेली अंडी, पाव, लोणी, केळी, वाफाळतं दूध. "आई, अख्खं उपाहारगृह उचलून आणलंत की," मासोळी म्हणाली. बाईंनी तिच्या हातात एक केळं कोंबलं आणि खाटेशी बसून अंडी सोलायला लागल्या. बबडीचा एक हात सुईनं अडकलेला, म्हणून दुसऱ्या हातात एक एक देत गेल्या.

तिनं पहिलं अंडं दोन घासांत संपवलं. दुसरं सावकाश खाल्लं. पाव खाल्ला. कुणाला विचारलं नाही, कुणाला देऊ केलं नाही.

मध्येच पिल्लू जागं झालं आणि टाहो फोडला. बाईंचे गुडघे सवयीनं हलले, पण त्या उठल्या नाहीत. मासोळीनं त्याला उचललं आणि थोपटत बाहेर नेलं. त्याचं रडणं दालनाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं. बाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यांनी तिसऱ्या अंड्याचं टरफल काढलं आणि लेकीचं खाऊन होईपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या.